शुक्रवार, सात ते आठ

सोसायटीच्या तळघरातल्या सौनात, म्हणजे वाफेच्या स्नानघरात, दाराच्या उजव्या बाजूला, वरच्या बाकावर बसलेल्या माणसाला मान न वळवता दिसेल अशा उंचीवर लाकडी चौकटीचा एक थर्मामीटर होता. तो चार अंश जास्त दाखवायचा. तीन नाही, पाच नाही, चार. सिर्कू रिस्सानेन कुओपिओ शहराच्या पाण्याचे नमुने तपासायची नोकरी तीस वर्षं करत होती. सहा वर्षांपूर्वी तिने प्रयोगशाळेतला खात्रीचा थर्मामीटर टॉवेलात गुंडाळून आणला, वीस मिनिटं दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि हे पडताळून पाहिलं. मग टॉवेल पुन्हा गुंडाळला आणि ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. सोसायटीतले पुरुष शहाऐंशीला नव्वद समजून आठवडाभर छाती काढून चालत. चार अंशांत एवढं सुख मिळत असेल तर विज्ञानाने मध्ये पडू नये, असं तिला वाटलं होतं.

सांगायची गोष्ट न सांगणं हा कुओपिओत दोष समजत नाहीत. तो शिष्टाचार आहे. कुओपिओ ज्यात येतं त्या सावो प्रांतातला माणूस बोलायला लागला की जबाबदारी ऐकणाऱ्याची, असं बाकीचा फिनलंड म्हणतो. हे खरंच आहे असं नाही, आणि खोटं आहे असं इथला कुणी शपथेवर सांगेल असंही नाही. 'हो' आणि 'नाही' हे दोन शब्द इथल्या लोकांना येतात. पण पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चांगल्या कपबश्यांसारखे ते कपाटात वरच्या फळीवर असतात, आणि खाली काढायची वेळ सहसा येत नाही.

मार्च महिन्यातल्या एका सकाळी सिर्कू नवऱ्याला म्हणाली, "पुढच्या फेब्रुवारीत श्रीलंकेला जाता येईल."

वेइयोने राईच्या पावाला कडेपर्यंत लोणी लावलं. तो फरशा बसवणारा कारागीर होता, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, आणि लोणीही कोपरे सोडून लावत नसे. "तशी वाईट जागा नसावी ती," तो म्हणाला.

"मग तिकिटं बघू?"

"बघ की. बघितल्याने काही ती झिजत नाहीत."

सिर्कूचा जीव भांड्यात पडला. एकतीस वर्षांपूर्वी तिनेच त्याला लग्नाचं विचारलं होतं, तेव्हा तो 'तशी वाईट कल्पना नसावी' एवढंच म्हणाला होता आणि नंतर आयुष्यभर टिकला होता. पुरावा भक्कम होता. दक्षिणेकडची एखादी बाई असती तर तिने सरळ विचारलं असतं, 'येणार आहेस की नाही?' पण दक्षिणेकडच्या बायकांना वळण कमी, हे इथे सगळ्यांनाच माहीत आहे.

श्रीलंकेचं वेड अकरा वर्षं जुनं. ग्रंथालयातल्या एका व्याख्यानात तिने तिथल्या प्राचीन कालव्याबद्दल ऐकलं होतं. दीड हजार वर्षांपूर्वी खणलेला कालवा, आणि सुरुवातीच्या सत्तावीस किलोमीटरपर्यंत त्याचा उतार किलोमीटरला दहा सेंटिमीटर. म्हणजे अर्धी वीत. बाकीचे श्रोते मंदिरांची आणि हत्तींची चित्रं बघत होते. सिर्कू मात्र त्या अर्ध्या वितीपाशीच अडकली. कुणी मोजला असेल तो? कशाने मोजला? घरी येऊन तिने वेइयोला सांगितलं, तेव्हा तो न्हाणीघराच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला न्हाणीघराच्या एका मीटरला दोन सेंटिमीटर द्यावे लागतात, तरी कोपऱ्यात पाणी साचतं." इतका भारावलेला तो तिने फार क्वचित पाहिला होता. तेव्हापासून त्या कालव्याच्या काठावर उभं राहायचं, हे तिने मनात धरलं. दरवर्षी काहीतरी आडवं आलं: कधी सासूचं गुडघ्याचं दुखणं, कधी सुट्टीच्या तारखा. आता ती सत्तावन्नची होती. या फेब्रुवारीत रजा मिळत होती, तिकीट परवडत होतं, आणि गुडघे, सासूचे सोडून, ठणठणीत होते.

परवडणाऱ्या तिकिटाचा एक स्वभाव असतो. ते आपल्या सोयीने चालत नाही. हे तिकीट गुरुवारी, सहा फेब्रुवारीला निघायचं आणि शनिवारी, बावीसला परत यायचं. मध्ये दोन विमानतळांवर मिळून अकरा तास बसायचं होतं. एक दिवस इकडेतिकडे केला की किंमत जवळपास दुप्पट. सिर्कूने सगळी माहिती एका तक्त्यात भरली: पाऊस, डास, बसगाड्या, उकळलेलं पाणी कुठे मिळेल. तक्ता सात पानांचा झाला. वेइयोने तो वाचला आणि म्हणाला, "रेघा छान सरळ आल्यात."

हाही तिने होकारच धरला.

पहिला अडथळा आला तो वेइयोच्या बोटांचा. त्याच्या पासपोर्टची मुदत संपली होती. फोटोसाठी 'हसू नका' असं फोटोग्राफर सगळ्यांना सांगायचा. वेइयोला बघून त्याने उलट 'काही वाईट झालं नाही ना?' असं विचारलं. फोटो झाला. मग ठशांची वेळ आली. काचेवर उजवी तर्जनी टेकवली, यंत्राने नकार दिला. डावी टेकवली, नकार. चाळीस वर्षं सिमेंट आणि फरशा हाताळून वेइयोच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. खिडकीमागची तरुण मुलगी हळहळली आणि म्हणाली, दोन आठवडे मलम लावा, हातांना आराम द्या आणि पुन्हा या.

"माणूस इतका झिजला की सरकारलाही ओळखू येईना," वेइयो बाहेर येऊन म्हणाला. त्याचा चेहरा मात्र सिर्कूला वाटला तेवढा पडलेला नव्हता.

त्याने मलम लावलं. रोज झोपताना, तिच्या देखत, भरपूर. आणि दिवसा समोरच्या आर्ने हुट्टुनेनबरोबर तलावावर जाऊन थंडगार पाण्यातून मासळीची जाळी उघड्या हातांनी ओढली. दोन आठवड्यांनी यंत्राने पुन्हा नकार दिला. सिर्कूला कुठेतरी खटकलं. पण ती शास्त्र शिकलेली होती, आणि दोनच प्रयोगांवरून निष्कर्ष काढणं तिला मंजूर नव्हतं. तिसऱ्या खेपेला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, यंत्राने कसाबसा एक ठसा मान्य केला. पासपोर्ट आला.

आणि मग तिला शुक्रवार दिसला.

म्हणजे शुक्रवार कॅलेंडरात पहिल्यापासून होताच. पण तक्त्यात तिने दिवस मोजले होते, वार नाही. सहा ते बावीस फेब्रुवारीमध्ये तीन शुक्रवार पडत होते: सात, चौदा, एकवीस. जिन्याखालच्या फळ्यावर, सौनाच्या वेळांच्या यादीखाली, सोसायटीचा सहावा नियम टाइप केलेला होता: लागोपाठ तीन आठवडे न वापरलेली वेळ प्रतीक्षायादीतल्या पहिल्या सभासदाकडे जाईल.

चौदा घरांची सोसायटी, सौना एक. बुधवारी चार ते पाच ही वेळ कुणालाही मिळते. ती म्हणजे न तापलेल्या दगडांसमोर बसून आपण काय पाप केलं हे आठवण्याची वेळ. शुक्रवारी सात ते आठ ही वेळ वेगळी. आठवडा संपलेला असतो, दगड पूर्ण तापलेले असतात, आणि नंतर गरम सॉसेज खाऊन झोपायचं असतं. ती मिळायला रिस्सानेन मंडळींना नऊ वर्षं लागली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजी वारल्या तेव्हा ती मोकळी झाली. अंत्यविधीला दोघांनी नेलेला पुष्पगुच्छ मुलांनी आणलेल्यापेक्षा मोठा निघाला होता आणि त्यामुळे तिथे थोडं अवघडल्यासारखंही झालं होतं.

"एकवीसचा शुक्रवार चुकतो," सिर्कू म्हणाली. "आपण बावीसला दुपारी घरात. अठरा तासांनी हुकतंय."

वेइयोने कॅलेंडर हातात घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर, पासपोर्ट आल्यापासून पहिल्यांदाच, रंग आला. "तसं असेल तर," तो म्हणाला, "कठीण आहे असं म्हणता येणार नाही, पण सोपं आहे असंही नाही."

सोसायटीच्या व्यवस्थापकांना फोन करता येतो. फक्त मंगळवारी, नऊ ते दहा. पहिल्या मंगळवारी फोन लागला नाही. दुसऱ्या मंगळवारी लागला तेव्हा सिर्कू सतरा मिनिटं संगीत ऐकत होती.

"न वापरलेली म्हणजे काय, ते कोण ठरवतं?" तिने विचारलं.

"नियमात तसं दिलेलं नाही," व्यवस्थापक म्हणाले.

"मग कसं ठरतं?"

"ते आजवर हिल्काबाई बघत आल्या आहेत."

हिल्काबाई तुप्पुरायनेन सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. वय चौऱ्याहत्तर, पेशाने निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांची स्वतःची वेळ शुक्रवारी आठ ते नऊ, म्हणजे बरोबर रिस्सानेन यांच्यानंतरची. आत गेल्या की त्या आधी वाकून फरशीला हात लावत. ओली असली तर वेळ वापरली. कोरडी असली तर वहीत फुली. पद्धत साधी होती, आणि सिर्कूला मनातून ती आवडायची. अडचण एवढीच होती की ती फरशी वेइयोने बसवलेली होती. तिचा उतार इतका नेमका होता की दहा मिनिटांत पाणी जाळीतून गायब व्हायचं, आणि पंधराव्या मिनिटाला दगडांच्या धगीने फरशी वाळून जायची. एकदा तर सौना वापरूनही त्यांच्या नावावर फुली पडली होती. वेइयोला त्याचा राग आला नव्हता. त्याने ती गोष्ट इतर गवंड्यांना सांगितली होती.

आता सल्ल्यांना सुरुवात झाली. आपण जाणार आहोत असं रिस्सानेन मंडळींनी कुणालाही सांगितलं नव्हतं. पण जिन्यात 'लोक जातात म्हणे तिकडे, त्या गरम देशांत' एवढं वाक्य सोडलं की कुओपिओत बाकीचं आपोआप पोचतं.

आर्ने हुट्टुनेन आयुष्यात एकदा, छत्तीस वर्षांपूर्वी, आठ दिवस स्पेनच्या बेटावर जाऊन आला होता आणि त्या अनुभवाच्या जोरावर तो सगळ्या उष्ण कटिबंधाबद्दल बोलत असे. तो कॉफीला आला, वेलचीचा गोड पाव कॉफीत बुडवून म्हणाला, "जेवणाआधी एक घोट कोन्याक. पोटात काहीही गेलं तरी मरतं."

"काय मरतं?" सिर्कूने विचारलं.

"जे असेल ते. आणि कॉफी इथूनच न्या. ते लोक चहा पितात."

"आम्ही तिथला चहा प्यायला जातो आहोत असं समज."

"समजलो. तरी कॉफी न्या. आणि एक कलाकुक्को न्या." कलाकुक्को म्हणजे राईच्या जाड पावात मासे आणि डुकराची चरबी भरून तासन्‌तास भाजलेला ऐवज, वीट म्हणून भिंतीत बसवला तरी चालेल असा. "त्याला तिथल्या उन्हात दोन दिवसही काही होणार नाही."

"सतरा दिवस आहेत, आर्ने."

"मग दोन न्या."

तळमजल्यावरचा यार्को पासानेन दातांच्या कवळ्या बनवायचा. चाळिशीचा, नम्र माणूस. पण शुक्रवारच्या प्रतीक्षायादीत तो सात वर्षं पहिला होता, त्यामुळे सहावा नियम त्याला सणावारांसारखा पाठ होता. त्याचा सल्ला फार आपुलकीचा निघाला.

"इतक्या लांब जायचं आणि सतराच दिवस?" तो कचऱ्याच्या डब्यापाशी म्हणाला. "जुनी संस्कृती आहे हो ती. महिनाभर तरी हवा. घाईघाईने बघण्यात त्या संस्कृतीचाही अपमान आहे."

"रजा तेवढीच आहे," सिर्कू म्हणाली.

"आजारी पडू शकता," यार्को म्हणाला, आणि मग आपण काय बोललो हे कळून कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे तसं होऊ नये."

हिल्काबाईंनी जिन्यात थांबवून घरातला पाण्याचा नळ मुख्य चावीपासून बंद करायला सांगितलं, कुंड्या कुणाकडे देणार विचारलं, आणि जाता जाता म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखाच असतो. मी काही म्हणत नाही."

"आम्हीही काही विचारलं नाही," सिर्कू म्हणाली.

"म्हणूनच मी काही म्हणत नाही."

घरी वेइयोने एक तोडगा सुचवला. आर्नेने शुक्रवारी आठला पाच मिनिटं असताना खाली जाऊन एक बादली पाणी ओतायचं. झालं.

"ती नोंद खोटी होईल," सिर्कू म्हणाली.

"पाणी तर खरं असेल."

"नमुना खोटा असेल. वेइयो, मी तीस वर्षं एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. सुट्टीसाठी फरशी ओली करून निघून जाणार नाही." ही गोष्ट ती अशा सुरात म्हणाली की वेइयोने खुर्चीवर सरळ बसून घेतलं. खरं तर थर्मामीटरचे चार अंश त्या क्षणी तिला आठवले होते. पण न सांगणं आणि खोटं सांगणं यांत फरक आहे, हे तिने स्वतःला समजावलं. त्यावर तिचं पूर्ण समाधान झालं नाही.

प्रामाणिक मार्ग एकच होता: कुणीतरी माणसाने त्यांचा पाहुणा म्हणून खरोखर जाऊन बसायचं. एकच शुक्रवार. आणि ते विचारायचं काम वेइयोकडे आलं, कारण सिर्कूला नियमातली भाषा यायची, जिन्यातली नाही.

वेइयोने आर्नेला विचारलं. सावोच्या रीतीने विचारलं. म्हणजे हवामानाबद्दल बोलून झालं, माशांबद्दल झालं, आणि मग तो म्हणाला, "शुक्रवारी आम्ही नसलो आणि कुणी खाली जाऊन बसलं, तर आम्हाला त्याचं वाईट वाटेल असं नाही."

आर्ने म्हणाला, "शुक्रवार हा काही वाईट वार नाही."

वेइयो घरी येऊन म्हणाला, "तो नाही म्हणाला."

मग त्याने हिल्काबाईंना, अध्यक्षांच्या कानावर असावं म्हणून, तेच वाक्य ऐकवलं. त्या म्हणाल्या, "कुणी बसलं तर फरशी ओली होईल, एवढं खरं." यार्कोला त्याने सांगायचं ठरवलं नव्हतं, पण तो डब्यापाशी भेटला, आणि शेजाऱ्याला डावलल्यासारखं दिसू नये म्हणून त्यालाही ऐकवलं. यार्कोने फक्त डब्याचं झाकण दोनदा उघडून बंद केलं.

"तिघंही नाही म्हणाले," वेइयोने निकाल सांगितला.

तारीख त्याने कुणालाच सांगितली नव्हती. इतकं उघडं बोलणं त्याच्याच्याने झालं नसतं.

तिकिटं सिर्कूने राखून ठेवली होती. शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत पैसे भरायचे, नाहीतर जागा गेली. त्या शुक्रवारी सकाळी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तिला घरच्या काट्याचा भरवसा वाटेना. स्वस्त तिकिटात सात किलोच सामान चालणार होतं, आणि रिकामी बॅगच किती भरते हे नेमकं कळायला हवं होतं. म्हणून ती बॅग घेऊन कामावर गेली. प्रयोगशाळेचा काटा ग्रॅमपर्यंत बरोबर होता. चाकांचा गडगडाट करत, बर्फावरून बॅग ओढत, टोपी कानांवर घेऊन ती सकाळी सव्वासातला फाटकाबाहेर पडली. वेइयोही तिला बसपर्यंत पोचवायला गेला, कारण रस्ता निसरडा होता. आर्नेने खिडकीतून बघितलं. हिल्काबाईंनी खिडकीतून बघितलं. तळमजल्यावर पडदा हलला.

बॅग दोन किलो एकशे चाळीस ग्रॅम भरली. संध्याकाळी सिर्कूने ती मागच्या दाराने आत आणली, कारण पुढच्या पायऱ्यांवर बर्फ साचला होता.

सातला पाच मिनिटं असताना दोघं टॉवेल, साबण आणि पाण्याची बादली घेऊन तळघरात उतरली. तिकिटाचे पैसे अजून भरले नव्हते. पाच तास उरले होते. कपडे बदलायच्या खोलीत चार खुंट्या होत्या. चारही भरलेल्या होत्या.

बाकावर आर्ने हुट्टुनेन कमरेला टॉवेल गुंडाळून बसला होता. त्याच्या शेजारी, शक्य तितकं अंग चोरून, यार्को पासानेन. आणि दाराशी, निळ्या झग्यात, हातात अंगावर मारून घ्यायची बर्च झाडाच्या पानांची जुडी घेऊन हिल्काबाई उभ्या होत्या. सगळेजण एकमेकांकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत होते. ते बराच वेळ तसे बघत असावेत.

"तुम्ही गेला नाहीत?" आर्ने म्हणाला.

"कुठे?" सिर्कूने विचारलं.

"श्रीलंकेला. सकाळी बॅग घेऊन."

"ती वजन करायला नेली होती."

आत दगडांवर कुठेतरी पाणी ठिबकलं आणि फुसकन आवाज झाला.

"मी वेइयोच्या शब्दाला मान देऊन आलो," आर्ने म्हणाला. "माझी वेळ गुरुवारची असते, मला काही गरज नव्हती."

"मी अध्यक्ष या नात्याने आले," हिल्काबाई म्हणाल्या. "सभासदाची वेळ रिकामी जाऊ नये म्हणून. आणि इथे बघते तर हा आर्ने टॉवेलात."

"मी म्हणालो ना तुम्हाला, तुम्ही आत जा, मी थांबतो."

"तुमच्यानंतर? त्या बाकावर?"

"आणि तू काय करतो आहेस?" वेइयोने यार्कोला विचारलं.

"सवय करून बघत होतो," यार्को पुटपुटला.

"कशाची?"

"शुक्रवारची."

"अरे पण तुम्ही तिघंही नाही म्हणाला होतात!" वेइयो म्हणाला.

"कोण नाही म्हणालं?" आर्नेला खरोखर लागलं. "मी चांगला हो म्हणालो होतो. शुक्रवार वाईट नाही, असं स्पष्ट सांगितलं. आणखी किती स्पष्ट सांगायचं माणसाने? पायावर लोळण घ्यायची?"

"मीही हरकत घेतली नव्हती," हिल्काबाई म्हणाल्या.

"मी डब्याचं झाकण लावलं होतं," यार्को म्हणाला.

सात वाजून दहा मिनिटं झाली. सिर्कू हातात बादली घेऊन उभी होती. मार्चपासून नऊ महिने तिने डास मोजले होते, बसगाड्या त्यांच्या थांब्यांसकट मोजल्या होत्या; बोटांचे ठसे मोजले, शुक्रवार मोजले, बॅग ग्रॅमपर्यंत मोजली. आणि आता तिच्याच वेळेत, तिच्याच खुंटीवर आर्नेची चड्डी लटकत होती.

आर्नेला वाटलं वातावरण हलकं करावं. त्याने काचेच्या दारातून आत बघितलं. "चला, नव्वद झालेत. भांडण आत बसून करू."

"शहाऐंशी," सिर्कू म्हणाली.

"काय शहाऐंशी?"

"अंश. तो थर्मामीटर चार अंश जास्त दाखवतो. मी सहा वर्षांपूर्वी तपासला आहे."

शेजारच्या धुण्याच्या खोलीतलं यंत्र कपडे पिळताना ऐकू आलं. आर्ने हळूहळू उभा राहिला, टॉवेल धरून.

"उन्हाळ्यातल्या सणाला मी शंभरला बसलो होतो," तो म्हणाला. "बारा मिनिटं. सगळ्यांनी बघितलं."

"शहाण्णवला."

"शहाण्णव," आर्ने म्हणाला, आणि परत बसला.

"हे बोर्डाला कळवायला हवं होतं," हिल्काबाई म्हणाल्या; पण त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता.

सिर्कूला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं. वरच्या फळीवरची एक बशी खाली आली होती, आणि फुटली नव्हती. तिने बादली खाली ठेवली आणि नवऱ्याकडे वळली.

"वेइयो, तुला श्रीलंकेला यायचं आहे का?"

तिन्ही शेजाऱ्यांनी एकदम माना खाली घातल्या. असला प्रश्न चार लोकांत, तोही अर्ध्या कपड्यांत, कुणी कुणाला विचारत नाही. यार्को तर निघूनच गेला असता. पण त्याची विजार हिल्काबाईंच्या मागच्या खुंटीवर होती.

"आता तसं बघितलं तर," वेइयो म्हणाला, "न येण्यासारखं त्यात..."

"हो की नाही?"

वेइयोने थर्मामीटरकडे बघितलं. तिथूनही आता आधार मिळण्यासारखा नव्हता.

"नाही," तो म्हणाला.

तो शब्द त्यालाही नवा असावा. त्याने तो जरा जास्तच मोठ्याने उच्चारला. मग बाकीचं भराभर आलं. "मला उकाडा सोसत नाही. म्हणजे तो तसला, बाहेर जाऊन बर्फात उभं राहता येत नाही असला. आणि मादे मासा फेब्रुवारीतच बर्फाखाली लागतो, मी आणि आर्नेने भोक कुठे पाडायचं तेही ठरवलंय. ठसे उमटत नव्हते तेव्हा मला बरं वाटलं होतं. शुक्रवार आडवा आला तेव्हा तर फारच. पण तू इतक्या आवडीने तक्ते करत होतीस."

"कधीपासून यायचं नव्हतं?"

"मार्चपासून."

"मार्चपासून," सिर्कू म्हणाली. तिला राग आला. आणि तो कुणाचा, हे बघितलं तर अर्धा स्वतःचाच निघाला. नऊ महिन्यांत एकदाही तिने साधा प्रश्न विचारला नव्हता. पाण्याचा एक नमुनाही तिने असा, रंगावरून अंदाज बांधून, कधी पुढे पाठवला नसता.

हिल्काबाईंनी घसा साफ केला. "नियमाच्या दृष्टीने बोलायचं तर, वेइयो इथेच असेल तर वेळ रिकामी राहत नाही. तिन्ही शुक्रवार."

यार्कोचा चेहरा आणखी सात वर्षांनी म्हातारा झाला.

"झालं तर मग," आर्ने म्हणाला. त्याला मिटवून टाकण्याची घाई होती. "कुणाचंच काही बिघडलं नाही. सिर्कूलाही आता एकटीने कुठे इतक्या लांब... पुढच्या वर्षी बघता येईल. कालवा काय, दीड हजार वर्षं आहे तिथेच आहे."

सगळे सिर्कूकडे बघत होते. या ठिकाणी काय म्हणायचं असतं ते तिला ठाऊक होतं. 'तसं घाईचं काही नाही.' वाक्य तयारच होतं. अकरा वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं, वेइयोच्या बोटांसारखं.

वेइयो खाली, स्वतः बसवलेल्या फरशीकडे बघत होता. पायाच्या अंगठ्याने त्याने जाळीकडे जाणारा उतार हलकेच चाचपला.

"पण अर्धी वीत," तो म्हणाला. "एका किलोमीटरला. मला काही ते पटत नाही असं नाही, पण कुणीतरी एकदा जाऊन बघून यायला हवं."

"कुणीतरी नाही," सिर्कू म्हणाली. "मी जाणार आहे. सहा फेब्रुवारीला. एकटी."